पोटाची गोळी, मनाची गोळी आणि १८ हजारांचे जिवाणू

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय ३४. वर्षभरापूर्वी बदली झाली आणि रोजचा ४० किलोमीटरचा एसटीचा प्रवास सुरू झाला. तेव्हापासून सकाळी निघायच्या आधी तीन-चारदा शौचाला जावं लागतं, पोटात मुरडा येतो, स्टँडवर पोचेपर्यंत छाती धडधडायला लागते. ‘बसमध्ये लागली तर?’ हा एकच विचार डोक्यात असतो. सुट्टीच्या दिवशी मात्र पोट बऱ्यापैकी शांत. सकाळचं खाणं त्यांनी बंदच केलं आहे. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली ‘पोटाची गोळी’ बरी लागू पडते, म्हणून ती सहा महिने चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकार सांगून एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम लिहून दिलं, पण ‘एकदा सुरू केलं की सुटत नाही’ असं घरात सगळे म्हणतात, म्हणून ते पाकीट कपाटात तसंच पडून आहे. दरम्यान नणंदेने एक बातमी पाठवली : चीनमधल्या संशोधनाप्रमाणे आतड्यातले जिवाणू बदलले की चिंता कमी होते, यश ८६ टक्के. सोबत शौचाची तपासणी आणि तिच्या निकालाप्रमाणे तीन महिन्यांच्या जिवाणूंच्या कॅप्सूल, असं १८ हजारांचं पॅकेज. त्या विचारतात : “दुखणं मुळात पोटाचं असेल तर मनाची गोळी कशाला घ्यायची? हा नैसर्गिक उपाय करून बघू का? की रोज ताक प्यायलं तरी पुरेल?”

उत्तर :

१८ हजार रुपये आत्ता भरू नका. कपाटातलं पाकीटही टाकून देऊ नका. आणि आज घरी गेल्यावर त्या ‘पोटाच्या गोळी’ची पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. ते का, ते खाली सांगतो.

आधी ती बातमी. ती खोटी नाही. शांघायच्या मानसिक आरोग्य केंद्रातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधी झालेले २१ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून १,५०३ माणसं होती. १४ अभ्यासांत लोकांना प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू दिले होते. उरलेल्या ७ अभ्यासांत जिवाणू दिलेच नव्हते; रोजच्या आहारात बदल करण्यासारखे उपाय होते. २१ पैकी ११ अभ्यासांत चिंतेची लक्षणं कमी झाली, १० मध्ये झाली नाहीत. आता फोड करून बघा : प्रोबायोटिकच्या १४ अभ्यासांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांत फायदा दिसला. ८६ टक्के हा आकडा त्या दुसऱ्या गटाचा आहे, ७ पैकी ६. म्हणजे तुम्हाला विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या पाठीशी जो आकडा उभा केला आहे, तो कॅप्सूल न घेतलेल्यांचा आहे. शिवाय ते ८६ टक्के अभ्यास आहेत, ८६ टक्के रुग्ण नव्हेत. सात अभ्यासांपैकी सहांमध्ये सरासरीत काही फरक पडला, याचा अर्थ शंभरातली ८६ माणसं बरी झाली असा होत नाही. आणि या २१ अभ्यासांतली सगळी माणसं चिंताविकाराची नव्हती. काही पोटाच्या विकाराची होती, काही चांगली धडधाकट होती.

तरीही या विषयात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. आतडं आणि मेंदू यांचं बोलणं खरोखर चालतं. २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात, जन्मापासून एकही जिवाणू अंगात नसलेल्या उंदरांना बंदिस्त जागेत कोंडलं, तेव्हा त्यांच्या अंगात तणावाचं संप्रेरक साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळलं. लहान वयात एक विशिष्ट जिवाणू दिल्यावर ही उसळी आटोक्यात आली. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमध्ये लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा एक वाण, म्हणजे ठरावीक पोटप्रकार, दिलेले उंदीर कमी घाबरट झाले, आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नस कापल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे निरोप कोणत्या रस्त्याने जातो, तेही कळलं. याच कॉर्कच्या लोकांनी ‘सायकोबायोटिक’, म्हणजे मनाच्या दुखण्यावर उपयोगी पडणारा जिवाणू, हा शब्द २०१३ मध्ये रूढ केला.

मग त्यांनीच एक प्रामाणिक काम केलं, जे जाहिरातींत येत नाही. तोच वाण २९ निरोगी पुरुषांना दिला. तणाव, चिंता, स्मरणशक्ती, सगळं मोजलं. बिनजिवाणूंच्या गोळीपेक्षा काहीही वेगळं दिसलं नाही. हे २०१७ साली छापून आलं. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा एक अभ्यास आला, आणि तो तुमच्या त्रासाच्या सर्वांत जवळचा आहे : पोटाचा हळवेपणा, म्हणजे आयबीएस, आणि जोडीला सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेली ४४ माणसं. बायफिडोबॅक्टेरियम लाँगमचा एक ठरावीक वाण सहा आठवडे दिला. नैराश्याची लक्षणं कमी झाली. चिंतेची झाली नाहीत.

उंदराकडून माणसाकडे येताना हा विषय सध्या इथे अडला आहे. पुढे एखादा वाण निघेलही, आणि निघावा असं मला मनापासून वाटतं. पण तुमची शाळा उद्या आहे.

आता तुमच्या प्रश्नात दडलेल्या गृहीतकाकडे येतो. “दुखणं मुळात पोटाचं असेल तर” असं तुम्ही लिहिलंय. या वाक्यामागे एक सुटका आहे, ती मला समजते. दुखणं पोटाचं ठरलं की ते घरात सांगता येतं. सासूबाईंसमोर “माझं पोट बरं नाही” म्हणता येतं, “मला भीती वाटते” म्हणता येत नाही. आतड्यातल्या जिवाणूंची गोष्ट लोकांना इतकी का आवडते, त्याचं हेही एक कारण आहे असं मला वाटतं : मनाच्या दुखण्याला ती एक सोज्वळ पत्ता मिळवून देते. पण पोट की मन, असा निवाडा शरीर करत नाही. ऑस्ट्रेलियात पेनरिथ इथे एक हजारावर लोकांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं. आधी पोटाचा त्रास नव्हता पण चिंता जास्त होती, अशांमध्ये पुढे पोटाचे विकार जास्त निघाले. आणि आधी चिंता नव्हती पण पोटाचा त्रास होता, अशांमध्ये पुढे चिंता जास्त निघाली. रस्ता दुहेरी आहे.

तुमच्या सकाळी नेमकं काय घडतं ते बघू. उठल्यावर मोठं आतडं तसंही जागं होत असतं. चहा घेतला, दोन घास खाल्ले की ते जोराने ढकलायला लागतं. ही निरोगी माणसातली हालचाल आहे. त्यात ‘सात चाळीसची गाडी’ हा विचार मिसळला की मेंदू धोक्याची संप्रेरकं सोडतो आणि त्यांनी मोठ्या आतड्याचा वेग आणखी वाढतो. जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतील, तर एरवी जाणवणारही नाही एवढा वायू मुरडा होऊन जाणवतो. मुरडा आला की मेंदू म्हणतो, बघ, मी सांगत होतो. मग आणखी संप्रेरकं. सुट्टीच्या दिवशी तेच आतडं, तेच जिवाणू, तोच चहा, पण गाडी नाही. रविवारी पोट शांत असतं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. जिवाणू शनिवारी रात्री बदलत नाहीत.

‘शरीरातलं ९० टक्के सिरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात असतं’ हे वाक्य त्या पॅकेजच्या पत्रकात नक्की असेल. आकडा साधारण बरोबर आहे. पण ते सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं स्वतः बनवतो. आतड्यातलं सिरोटोनिन मुख्यतः आतडं हलवायच्या कामी येतं. सिरोटोनिनवर काम करणारी एसिटालोप्रामसारखी गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळ का होते, त्याचं उत्तरही याच वाक्यात आहे, आणि ते पत्रक ते सांगत नाही.

आता ती पट्टी. आपल्याकडे पोटाच्या मुरड्यासाठी ज्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात, त्यांतल्या काहींत क्लोरडायझेपॉक्साइड नावाचं औषध असतं. सोबत क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन ही मुरडा सैल करणारी औषधं. क्लोरडायझेपॉक्साइड हे बेंझोडायझेपिन गटातलं, म्हणजे मन शांत करणारं औषध आहे, आणि याच गटाची सवय लागते. पित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. तेही मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर काम करतं. त्याने पाळी अनियमित होणं, स्तनातून स्राव येणं, हात थरथरणं असे त्रास होऊ शकतात. तुमच्या पट्टीवर काय आहे ते मला माहीत नाही. पण यांतलं एखादं नाव असेल, तर ‘मनाची गोळी घ्यायची नाही’ म्हणता म्हणता तुम्ही सहा महिने तीच घेताय, आणि ते क्लोरडायझेपॉक्साइड असेल तर तीही सवय लागणारी. असं निघालं तर घाबरून एकदम बंद करू नका. सहा महिने घेतलेलं बेंझोडायझेपिन अचानक तोडलं की धडधड, झोप उडणं, क्वचित झटकेसुद्धा येऊ शकतात. पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा आणि काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करून घ्या. आणि मागच्या सहा महिन्यांत लेव्होसल्पिराइडमुळे पाळी बिघडली असेल, तर त्याबद्दलही स्पष्ट विचारा.

पट्टीवर नुसतं पँटोप्राझोल असेल तर तेही कळून घ्यायला हवं. आम्ल दाबणारी गोळी महिनोन्महिने घेतली की आतड्यातल्या जिवाणूंची घडण बदलते. तोंडातले जिवाणू, जे एरवी जठराच्या आम्लात मरतात, ते खाली पोचायला लागतात. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. पोट बिघडलं की औषधाच्या दुकानातून ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलच्या दोन-तीन गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की सोडून द्यायच्या, ही आपल्याकडची सवय आहे. आतड्यातल्या जिवाणूंची खरी काळजी असेल तर पैसे न खर्चता करता येणारं सर्वांत मोठं काम हेच : डॉक्टरने तपासून सांगितल्याशिवाय या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

शौचाच्या त्या तपासणीबद्दल. तिच्यात जिवाणूंच्या जनुकांवरून कोणते किती टक्के आहेत ते काढतात. ‘टक्के’ हाच घोटाळा आहे. एक जिवाणू वाढला की दुसऱ्याचा टक्का आपोआप घसरतो, मग त्याची संख्या तेवढीच राहिली असली तरी. अहवालात तो लाल रंगात ‘कमी’ म्हणून येतो. एकाच माणसाचा नमुना सोमवारी आणि गुरुवारी घेतला, नमुना उन्हात ठेवला, आदल्या दिवशी उपास होता, तरी आकडे हलतात. तिसरी गोष्ट, कमी कशाच्या तुलनेत? बी-१२ ला ठरलेली पातळी आहे, जिवाणूंना नाही. त्यातून तुलनेचा बराचसा साठा पाश्चात्त्य देशांतल्या लोकांचा. धान्य-डाळी खाणाऱ्या अनेक भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचा जिवाणू भरपूर असतो. मांस आणि चरबी जास्त खाणाऱ्यांत बॅक्टेरॉइडिस जास्त. आपल्या भाकरी-आमटीच्या पोटाचा अहवाल त्यांच्या मापाने काढला, तर तो बिघडलेलाच दिसणार. भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही काम झालं आहे, पण ते समजून घेण्यासाठी होतं. त्यावरून कुणा एकाला अमुक कॅप्सूल घ्या असं सांगता येत नाही.

त्या पैशांऐवजी साध्या तपासण्या करा : रक्ताची संपूर्ण मोजणी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२, शौचाची साधी तपासणी, आणि डॉक्टरांना वाटलं तर सीलिॲकसाठीची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) टीटीजी. यांतली टीएसएच टाळू नका. थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, हात थरथरणं, वजन घटणं आणि वारंवार शौच, सगळं एकत्र होतं, आणि वरून ते हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त पडतंय, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतंय, ताप येतोय किंवा घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेलं कुणी आहे, यांतलं काहीही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा.

आता ताकाचं विचारलंत. ताक प्या, आवडीने प्या. पण ते चिंतेवरचं औषध म्हणून प्यायला लागलात, तर ती दुधाची तहान ताकावर भागवणं होईल. घरच्या दह्यात जिवाणू भरपूर असतात, पण कोणते ते विरजणावर, ऋतूवर आणि घरावर ठरतं. ते आतड्यात वस्ती करत नाहीत, चार दिवसांचे पाहुणे असतात, म्हणून रोज हवेत. दिवसाला वाटीभर दही किंवा दोन पेले ताक पुरे. दूध उकळून कोमट होऊ द्या, बोट सुखाने टेकवता येईल इतकं, म्हणजे ४० ते ४५ अंश. अर्धा लिटरला चमचाभर विरजण. गरम दुधात विरजण घातलं की जिवाणू मरतात आणि दही लागत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याच न्यायाने कढीत ते जिवंत राहत नाहीत, हे विसरतो. इडली-डोसा आंबवलेला असतो, पण वाफेवर किंवा तव्यावर जिवाणू संपतात. शिजवलेल्या आंबिलीचंही तसंच. त्यात निवल्यावर ताक घातलं तर मात्र ताकाचे जिवाणू मिळतात. मीठ-तेलातलं कैरीचं लोणचं या कामी येत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले दाहाचे काही घटक कमी झाले. पण तिथे दिवसाला सरासरी सहा वेळा असे पदार्थ खाल्ले होते, आणि चिंता कमी झाली असं काही त्यात निघालं नाही.

जिवाणू बाहेरून आणण्यापेक्षा आत असलेल्यांना खायला घालणं हा माझ्या मते जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. त्यांचं खाणं म्हणजे तंतू. ते खाऊन जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याचं अस्तर त्यांवर जगतं. दिवसाला ३० ग्रॅम तंतू हे लक्ष्य ठेवा. हिशेब सोपा आहे : ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम तंतू, म्हणजे प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींतून १२. मूठभर अख्ख्या मुगाच्या उसळीतून ५. दोन वाट्या भाजीतून ६. मध्यम पेरूतून ८. झाले ३१. पांढऱ्या तांदळातून शंभर ग्रॅमला तीनसुद्धा मिळत नाहीत, आणि साबुदाण्याच्या उपासाला तर जवळजवळ काहीच नाही.

इथे हमखास चूक होते ती वेगाची. वाचून उत्साहाने एकदम उसळी, चवळी, सॅलड सुरू करायचं, तिसऱ्या दिवशी पोट फुगायचं, आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणून सोडून द्यायचं. जिवाणूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तोवर वायू होतो. आठवड्याला पाचच ग्रॅम वाढवा. तुमच्यासारख्या हळव्या पोटाला सर्वांत सोसणारा तंतू इसबगोलाचा : एक छोटा चमचा रात्री, भरपूर पाण्यात, लगेच प्यायचा, आठवड्याने दोन चमचे. पाणी कमी पडलं तर तो आतच घट्ट होतो आणि उलटा बद्धकोष्ठ करतो. शौच पातळ असेल तरी घ्या, तो पाणी धरून ठेवतो. कांदा, लसूण, गहू, राजमा यांनी पोट फुगतं असं स्पष्ट दिसलं, तर चार-सहा आठवडे ते कमी करायचा आहार असतो, पण तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरताच. तो लांबवला की चांगले बायफिडो जिवाणूच घटतात. आणि ज्या माणसाला आधीच भीतीचा त्रास आहे, त्याच्या भीतीच्या यादीत कांदा-लसूणही जाऊन बसतो, हे मला जास्त काळजीचं वाटतं. तुम्ही न्याहारी सोडलीत, तिथून ही यादी सुरू झालेली आहे.

हे सगळं वाचूनही प्रोबायोटिक घेऊन बघायचंच असेल, तर त्यात पाप नाही. निरोगी माणसाला सहसा अपाय होत नाही. पण ते प्रयोगासारखं करा. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव हवं : कुळ, जात आणि शेवटी वाणाचा आकडा किंवा अक्षरं. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणजे नुसतं ‘पाटील’ म्हटल्यासारखं आहे, कोणते पाटील ते कळत नाही. संख्या ‘बनवताना’ नव्हे तर मुदत संपेपर्यंत किती, ते लिहिलेलं हवं. थंड जागेत ठेवायला सांगितलं असेल तर उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका. जुलाबासाठी मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसीच्या कुप्या चिंतेसाठी नाहीत. एकाच वेळी एकच वस्तू बदला, आठ आठवडे घ्या, फरक नसेल तर थांबवा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, केमोथेरपी किंवा गंभीर आजार चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि दुसऱ्याच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडायचा उपचार कुणी चिंतेसाठी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. तो एका विशिष्ट जंतुसंसर्गासाठी रुग्णालयात करतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, कारण दात्याकडून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूमुळे एक रुग्ण दगावला होता.

फरक पडला की नाही, हे मनाला विचारून कळत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये आयबीएसच्या ८० रुग्णांपैकी काहींना “ही औषध नसलेली गोळी आहे” असं उघड सांगून ती दिली. त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना तीन आठवड्यांत पुरेसा आराम वाटला. काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. आराम खरा होता, पण त्याचं श्रेय कॅप्सूलला देऊन दर तिमाहीला १८ हजार भरत राहणं योग्य नाही. म्हणून मोजा. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली आहे, डॉक्टरकडे मिळेल. दर रविवारी रात्री भरा. गुण ० ते २१. दहा किंवा वर म्हणजे उपचारांचा गंभीरपणे विचार करावा; पंधरा किंवा वर असेल तर नुसत्या आहारावर थांबू नये. चारेक गुण उतरले आणि उतरलेलेच राहिले, तर तो फरक धरायचा. सोबत एका ओळीची नोंद : सकाळी किती वेळा जावं लागलं, बस टाळली का, झोप किती.

आता कपाटातलं पाकीट. एसिटालोप्राम हे त्या क्लोरडायझेपॉक्साइडसारखं नाही. त्याची तलफ लागत नाही, तोच परिणाम मिळावा म्हणून मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. ‘सुटत नाही’ ही समजूत बहुधा अशी तयार होते : माणूस बरं वाटलं की दोन महिन्यांत एकदम बंद करतो, मग चक्कर, अंगात विजेसारखे झटके आणि चिडचिड होते, किंवा मूळ चिंता परत येते. बरं वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर घेऊन मग हळूहळू उतरवलं, तर बहुतेकांचं सुटतं. ५ ने सुरू करून साधारण आठवड्याने १० करतात. पहिले सात-दहा दिवस मळमळ, थोडे जुलाब, किंचित जास्तच अस्वस्थता होऊ शकते. तुमच्यासारख्या पोटाच्या माणसाने हे आधी ऐकलेलं नसेल तर तिसऱ्या दिवशीच गोळी बंद होते. जेवणानंतर घ्या, आणि शक्य असेल तर सुट्टी लागताना सुरू करा. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, नीट ठरवायला सहा ते आठ. गरोदरपणाचा विचार असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर सुरू करण्याआधी सांगा.

गोळी घ्यायचीच, असा माझा हट्ट नाही. तुमची भीती एका ठरावीक प्रसंगाला बांधलेली आहे, आणि अशा भीतीवर वर्तनाचे उपचार, म्हणजे सीबीटी, चांगले लागू पडतात, आयबीएसलाही. त्याचं मुख्य सूत्र टाळणं कमी करत जायचं. पहिला आठवडा : सुट्टीच्या दिवशी, थोडं खाऊन, पुढच्या थांब्यापर्यंत बसने जायचं आणि परत. मुरडा येईल. उतरायचं नाही. मुरडा वर चढतो, पाच-दहा मिनिटांत ओसरतो, हे शरीराला अनुभवाने कळू द्यायचं. दुसरा आठवडा : तीन थांबे. मग अर्धा रस्ता. मग निघण्याआधीच्या चार फेऱ्यांतली एक कमी, कारण ‘खात्रीसाठी’ जाणं हेच भीतीला खतपाणी घालतं. बसमध्ये श्वास मिनिटाला सहा : चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, पोट हललं पाहिजे, खांदे नाहीत. पिशवीत जास्तीचे कपडे ठेवून धीर येत असेल तर सुरुवातीला ठेवा, महिन्याभराने काढा. आणि वाटेत कुठल्या स्टँडवर स्वच्छतागृह उघडं असतं हे माहीत असणं काही चुकीचं नाही. ती गैरसोय खरी आहे, बाईमाणसाला जास्तच, आणि तिचा राग तुम्ही स्वतःवर काढू नका.

समुपदेशक जवळ नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कधी जगणं नको वाटलं तर मात्र आठ आठवड्यांचा कुठलाही बेत न धरता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात पट्टी वाचणं आणि रक्त देणं. अहवाल आले की दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवणं. हे आजवर झालेलं नाही असं पत्रावरून वाटतं. त्याच भेटीत गोळी की सीबीटी की दोन्ही, हे ठरवणं. दही, भाकरी, इसबगोल त्याच्या जोडीने, त्याऐवजी नव्हे. चहा दिवसाला दोन कपांवर आणा, आणि उठल्या उठल्या रिकाम्या पोटी नको. नणंदेला सांगा की बातमी वाचली, तिच्यातला चांगला भाग आहाराचा निघाला, तो सुरू केलाय.

आणि सोमवारी निघण्याआधी काहीतरी खा. अर्धी भाकरी आणि दोन चमचे दही चालेल. गाडीच्या तासभर आधी खाल्लंत तर आतड्याला त्याचं सकाळचं काम घरीच उरकायला वेळ मिळतो.